मायनर स्केल्सचा ऑनलाइन कोर्स: पेटीवाल्याने पैसे टाकावेत का?

आधीच सांगतो, कोर्सचं नाव टाकत नाहीये. एक तर खाली बऱ्यापैकी तक्रारी आहेत आणि शिकवणारा माणूस एकटाच घरून हे सगळं चालवतो, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. दुसरं म्हणजे मायनर स्केल, म्हणजे पाश्चात्य संगीतातली कोमल गंधाराची स्वरमालिका, त्यावरचे जे पेड कोर्स मी चाळले ते सगळे साधारण याच साच्यातले, रेकॉर्डेड व्हिडिओ, सोबत एक पीडीएफ, आणि रविवारी झूमवर डाउट सेशन, त्यामुळे यातलं बरंचसं तुम्ही दुसरा कुठला घेतलात तरी कामाला येईल. फी दीड हजाराच्या आत, ॲक्सेस वर्षभर, भाषा मराठी-हिंदी खिचडी.

मी पेटीवाला. गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्यात, पुढे नोकरीत अडकलो, आता आमचा एक ग्रुप आहे, भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी, सोसायटीचे गणपती, ज्येष्ठ नागरिक संघ, कोजागिरी असे कार्यक्रम करतो. मध्यंतरी कीबोर्ड घेतला आणि तिथे गाडी अडली. उजवा हात व्यवस्थित, पेटीचाच आहे तो, पण डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकत्र, धरायची म्हटलं की मायनरच्या गाण्यात पंचमावरची कॉर्ड कधी मायनर गोड लागते कधी मेजर, आणि का ते कळेना. नेटवर विचारलं तर उत्तर येतं की तीन मायनर असतात, नॅचरल, हार्मोनिक, मेलोडिक, पाठ करा. पाठ काय करा? कधी कुठला वापरायचा ते सांगा ना. या एका प्रश्नासाठी मी पैसे भरले, त्यामुळे रिव्ह्यूही त्याच अंगाने आहे. ज्यांना अगदी शून्यापासून कीबोर्ड शिकायचाय त्यांनी हे वाचून ठरवू नका, तो कोर्स हा नाहीच.

सुरुवातीचे धडे सरळ आहेत. ए मायनर, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी सहा (सी ही पांढरी एक, सी शार्प काळी एक, तसं मोजत) सा धरायची आणि काळीला हात न लावता सात पांढऱ्या वाजवत वर जायचं. ए बी सी डी ई एफ जी. सर होल स्टेप हाफ स्टेप, म्हणजे दोन पट्ट्यांचं आणि एका पट्टीचं अंतर, मोजून दाखवतात, पूर्ण अर्धा पूर्ण पूर्ण अर्धा पूर्ण पूर्ण, आणि हे पाठ करा म्हणतात. आता ज्याने कधीतरी थाट, म्हणजे रागांमागचे सुरांचे साचे, शिकलेत त्याला हे पाठ करायची गरजच नाही, सा रे कोमल ग म प कोमल ध कोमल नि, आसावरी थाट, संपलं. पांढरी सहाला सा धरून आसावरीचे सूर लावा, ए मायनर झाला. काळी एकला धरून लावा, सी शार्प मायनर झाला. पण सर सरगमचं नावच काढत नाहीत पहिल्या चार-पाच धड्यांत, आणि जाहिरातीत मात्र लिहिलंय की भारतीय संगीत शिकलेल्यांसाठी खास. खास काय आहे मग त्यात?

रिलेटिव्ह मायनरचंही तसंच. सी मेजर आणि ए मायनर यांचे सूर तेच, फक्त सुरुवात वेगळी, हे सरांनी गोल चाक दाखवून, रंगीत बाण काढून बराच वेळ समजावलंय. आपल्याकडे ज्याने थिअरीच्या पेपरला मूर्च्छना, म्हणजे तेच सूर ठेवून सा दुसरीकडे धरणं, लिहिलीय त्याला हे दोन वाक्यांत कळतं. बिलावलचा धैवत सा धरा, आसावरी मिळतो. रिषभ धरला तर काफी, गंधार धरला तर भैरवी, मध्यम धरला तर कल्याण, पंचम धरला तर खमाज. म्हणजे कुठल्याही मेजरचा रिलेटिव्ह मायनर शोधायचा तर त्याच्या धैवतावर जा, किंवा सा पासून तीन पट्ट्या खाली या, काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून. सी वरून खाली बी, ए शार्प, ए. आलं. आणि पॅरलल मायनर म्हणजे सा तोच ठेवून थाट बदलायचा, सी मेजरचा सी मायनर, त्यात ग ध नि कोमल, म्हणून कागदावर तीन फ्लॅट (फ्लॅट म्हणजे सूर एक पट्टी खाली, शार्प म्हणजे एक पट्टी वर). हे दोन वेगळे आहेत हे मात्र सरांनी चांगलं ठसवलंय, कारण नेटवर लोक सर्रास घोळ घालतात.

आता कोर्समधला सगळ्यात भारी धडा, ज्याच्यासाठी माझे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन, तो हार्मोनिक मायनरचा.

सरांनी काय केलं, आधी स्केल वाजवलंच नाही. डाव्या हाताने ए मायनर कॉर्ड धरली, मग डी मायनर, मग ई मायनर, आणि परत ए मायनरवर आले. ठीक वाटलं, वाईट नाही, पण घरी आल्यासारखं काही वाटलं नाही. मग तेच परत, फक्त ई मायनरमधला जी उचलून जी शार्प केला, म्हणजे ई मेजर, आणि ए मायनरवर आले. काय फरक पडतो राव! ई मेजर धरली की कानाला पुढची कॉर्ड आधीच ऐकू येते. मी व्हिडिओ पॉज करून पेटीवर सरगममध्ये बसवून बघितलं तर एकदम लख्ख झालं. पंचमावरची कॉर्ड म्हणजे प नि रे. निषाद कोमल असेल तर ती मायनर, निषाद शुद्ध केला की ती मेजर. आणि शुद्ध नि सा पासून फक्त अर्ध्या सुरावर, तो सा कडे ओढतो, कोमल नि एक पूर्ण सूर लांब, त्याला काही घाई नाही. बास, एवढंच आहे हार्मोनिक मायनर. हार्मनीसाठी, म्हणजे पंचमाच्या कॉर्डसाठी, निषाद शुद्ध केलेला नॅचरल मायनर. सा रे कोमल ग म प कोमल ध शुद्ध नि. किरवाणीचे सूर. कर्नाटक संगीतात एकविसावा मेळ (तिकडचा थाट) कीरवाणी, तिकडूनच राग आपल्याकडे आला. आणि गंमत बघा, भातखंड्यांच्या दहा थाटांत या सुरांचा थाटच नाही, म्हणून आपण परीक्षेत कधी तो पाठ केला नाही, पण गाण्यांमधून कानात भरलेला असतोच.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गाण्याची ओळ सा वर येऊन टेकणार असेल, विशेषतः अंतरा संपवून मुखड्यावर परत येताना, तिथे पंचमाची मेजर कॉर्ड धरायची. आणि चालीतच कोमल नि लांबवर धरलेला असेल तर मेजर कॉर्ड त्याला थेट टोचते, शुद्ध नि खाली वाजतोय आणि गायक कोमल नि वर उभा, तिथे मायनर धरा किंवा निषादाची मेजर कॉर्ड, नि रे म, ए मायनरमध्ये जी मेजर, ती घ्या. आमच्या गायिकेने पहिल्याच रिहर्सलला विचारलं, दादा आज काहीतरी वेगळं वाजवताय का, परत सा वर यायला सोपं जातंय. त्या धड्याला चार स्टार.

या धड्यानंतरच्या रविवारच्या सेशनमध्ये मजा आली. ग्रुपमध्ये सगळे प्रकार आहेत, गिटारवाली कॉलेजची मुलं, नागपूरच्या एक ताई ज्या स्वतः हार्मोनियमचे क्लास घेतात, आणि मडगावचे एक काका, व्हायोलिनवाले, लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे तिकडची सरगम, शिकलेले. ताईंनी विचारलं, सर तुम्ही जी शार्प का म्हणता, ए फ्लॅट का नाही, पट्टी तर तीच आहे. सर म्हणाले तसं लिहायचं असतं. काकांना राहवेना, ते म्हणाले ताई, तुम्ही एका सप्तकात दोनदा सा लिहाल का? ए आधीच येऊन गेलाय, आता परत ए फ्लॅट लिहिला तर ए दोनदा आला आणि जी गायबच झाला. सात अक्षरं, प्रत्येक एकदाच यायला पाहिजे, मग त्याला शार्प लावा फ्लॅट लावा काही करा. ताई लगेच म्हणाल्या, अच्छा म्हणजे कोमल नि ला कुणी तीव्र ध म्हणत नाही तसं. तिथे सेशन खरं तर संपलं होतं, सर नुसते हो हो करत होते. काकांना कोर्सने मानधन द्यायला पाहिजे असं माझं प्रामाणिक मत आहे.

तसा या गोष्टीला गोव्याचा जुना संबंध आहेच. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यातून तयार झालेली पिढीच्या पिढी मुंबईत फिल्म ऑर्केस्ट्रात आली. सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलालजी व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडेच. संगीतकार पेटीवर चाल सांगणार आणि अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बसवणारा, खाली हार्मनी लिहून काढणार, अशी ती पद्धत. म्हणजे आज मी कीबोर्डवर जी कुस्ती खेळतोय, की चाल आसावरी-किरवाणीच्या सुरांत आणि खाली कॉर्ड कुठली, ती त्या लोकांनी रोज स्टुडिओत बसून सोडवलेली आहे. कोर्समध्ये यावर एक अख्खा धडा करता आला असता. शून्य मिनिटं.

आता मेलोडिक मायनर. इथे कोर्स झोपला.

सर स्केल वर वाजवतात, ए बी सी डी ई एफ शार्प जी शार्प ए, मग खाली येताना जी आणि एफ परत साधे, आणि म्हणतात वर जाताना वेगळं खाली येताना वेगळं, नियम आहे, लक्षात ठेवा. आणि क्विझ. अहो कारण सांगा ना! कारण सोपं आहे. हार्मोनिकमध्ये निषाद उचलला, पण धैवत कोमलच राहिला, त्यामुळे कोमल ध आणि शुद्ध नि मध्ये तीन अर्ध्या सुरांची फट पडली. कॉर्डसाठी ते छान, पण युरोपात कोरसमध्ये ओळ गाताना ती उडी लोकांना अवघड आणि कानाला खटकणारी वाटायची. मग धैवतही शुद्ध करून टाकला, वर जायचा रस्ता गुळगुळीत झाला. आणि खाली येताना सा कडे ओढायचं कामच नसतं, आपण सा सोडून चाललोय, म्हणून दोघं परत कोमल. झालं की. आणि जॅझवाले तर खाली येतानाही वरचेच सूर ठेवतात, हेही कोर्समध्ये नाही, गिटारच्या पोरांपैकी एकाने चॅटमध्ये टाकलं म्हणून कळलं.

मला राग याचा येतो की समोर बसलेली निम्मी माणसं देस, वृंदावनी सारंग वाजवणारी. वर जाताना शुद्ध नि, खाली येताना कोमल नि, हे आम्ही झोपेत करतो. देसचं नाव घेतलं असतं तर अर्ध्या मिनिटात सगळ्यांना पटलं असतं की आरोह-अवरोहात सूर बदलणं हे काही जगावेगळं नाही. त्याऐवजी गिटारवाल्यांसाठी टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट त्याचे आकडे, दाखवत बसले. आणि एक गोष्ट, ती तीन अर्ध्या सुरांची फट जी तिकडच्या गायकांना अडचण वाटली ती आपल्या कानांना उलट लाडकी आहे. भैरव घ्या, कोमल रे ते शुद्ध ग तीच फट, आणि कोमल ध ते शुद्ध नि परत तीच. बसंत मुखारी घ्या. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला हार्मोनिक मायनर पहिल्या फटक्यात गळ्यात बसतो आणि मेलोडिकच जरा परका वाटतो. मेलोडिकचे चढते सूर म्हणजे सा रे कोमल ग म प ध नि, हे पटदीपचे सूर, फक्त पटदीपच्या आरोहात रे आणि ध नसतात. हाही दहा थाटांत बसत नाही, नि शुद्ध असून पटदीपला काफी थाटात टाकलंय, परीक्षेला लिहिताना सगळ्यांनाच ते टोचलेलं असतं.

हे सगळं पेटीवर लावून बघितल्यावर जे माझ्या डोक्यात बसलं ते कोर्सने कुठेच सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो. तीन मायनर स्केल्स वगैरे काही पाठ करू नका. सा रे कोमल ग म प हे पाच सूर तिघांतही तेच आहेत, एकदा बसवले की बसले. सगळी भानगड वरच्या धैवत-निषादाची. दोघं कोमल, नॅचरल. निषाद एकटा शुद्ध, हार्मोनिक. दोघं शुद्ध, मेलोडिकचा चढ. चौथी शक्यता पण उरते, ध शुद्ध आणि नि कोमल, ती म्हणजे आपला काफी, तिकडे त्याला डोरियन म्हणतात. आणि एकाच गाण्यात हे ध-नि हवे तसे बदलतात, कुणी गाणं सुरू करताना शपथ घेत नाही की आज मी फक्त हार्मोनिकच गाणार. पिलू वाजवणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, तिथे तर दोन्ही ग दोन्ही नि खेळत असतात.

पीडीएफबद्दल. दिसायला सुंदर आहे, प्रिंट काढून कीबोर्डच्या स्टँडवर लावता येते, पण रागांचा जो तक्ता दिलाय तो बघून डोक्याला हात लावला. काफी समोर लिहिलंय नॅचरल मायनर. काफीत धैवत शुद्ध असतो हो! ही नुसती छपाईची चूक म्हणून सोडून देता येत नाही कारण कॉर्ड बदलते. मध्यमावरची कॉर्ड म ध सा. नॅचरल मायनर समजून वाजवलं तर ध कोमल, म्हणजे पांढरी सहाला डी मायनर. गायक वरती शुद्ध ध लावणार आणि तुम्ही खाली कोमल ध धरून बसणार, अर्ध्या सुराची टक्कर, अख्ख्या हॉलला कळेल. काफीला तिथे डी मेजर लागते. मी मेल केला, थँक यू सर नेक्स्ट व्हर्जनमध्ये करेक्ट करू असं उत्तर आलं, पीडीएफ अजून तीच आहे.

त्याच तक्त्यात राग आसावरी बरोबर नॅचरल मायनर असंही सरळ लिहिलंय. थाट म्हणा हवं तर, राग म्हणू नका. राग आसावरीच्या आरोहात ग नि नसतात, काही घराण्यांत कोमल रिषभाची आसावरी गातात, जौनपुरीचे सूर तेच पण चलन वेगळं, दरबारीचेही तेच पण तो कोमल गंधार आंदोलित आणि नेहमीच्या कोमल ग पेक्षा उतरलेला, तो कुठल्याच कीबोर्डवर नाही. कीबोर्डचा कोमल ग बरोबर तीनशे सेंटला (अर्धा सूर म्हणजे शंभर सेंट) बसवलेला, तानपुऱ्याशी जुळणारा सहास पाच प्रमाणातला कोमल ग साधारण तीनशे सोळा सेंटला, आणि दरबारीचा तर दोन्हींच्या खाली झुलतो. स्केल म्हणजे सुरांचा साठा, एवढं एक वाक्य तक्त्यावर छापलं असतं तरी चाललं असतं.

सगळ्यात प्रॅक्टिकल तक्रार मात्र पट्टीची. अख्खा कोर्स ए मायनरमध्ये, शेवटी शेवटी ई मायनर आणि डी मायनर येतात. कारण उघड आहे, पांढऱ्या पट्ट्या, सोपं दिसतं. पण आमच्याकडे गायिका काळी चार, काळी पाचला गातात, गायक काळी एक, काळी दोन. काळी चारला मायनर म्हणजे जी शार्प मायनर, आणि त्याचा हार्मोनिक कागदावर लिहायला गेलात तर पाच शार्प आधीच, वर निषादाला एफ डबल शार्प! नाव ऐकून घाम फुटतो, प्रत्यक्षात ती पांढरी पाच आहे. सा ची कॉर्ड काळी चार, पांढरी सात, काळी दोन. पंचमाची मेजर काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच. हाताला दोन दिवसांत बसते ही गोष्ट, पण कोर्समध्ये कुणी दाखवतच नाही. सेशनला विचारलं तर उत्तर, ट्रान्सपोज बटण, म्हणजे पट्टी आपोआप बदलणारं, ते वापरा. बटण आहे हो, पण स्टेजवर गायकाने ऐनवेळी अर्धी पट्टी खाली मागितली, वर शेजारी पेटीवर दुसरा माणूस खऱ्या पट्टीत वाजवतोय आणि तुम्हाला विचारतोय कुठली कॉर्ड, तर तुम्ही सांगणार काय, ए मायनर? तो वाजवेल पांढरी सहा. ज्यांना निव्वळ घरी वाजवायचंय त्यांना बटण ठीक आहे. बाकी मूनलाइट सोनाटासुद्धा काळी एकचीच आहे, सी शार्प मायनर, बीथोव्हेनला बटण नव्हतं.

आणि ते हॅपी-सॅड. पहिल्या व्हिडिओपासून शेवटपर्यंत मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी. क्विझमध्ये पण प्रश्न, ही धून ऐका, मूड सांगा, आणि मायनर वाजलं की सॅडवर टिक केली तरच मार्क. नागपूरच्या ताईंनी बरोबर पकडलं, म्हणाल्या मग होळीच्या होऱ्या काफीत का गातात, सगळी रंगात न्हालेली माणसं काय रडत असतात का. काफीत कोमल गंधार आहे, म्हणजे तुमच्या हिशोबाने मायनरच. मोझार्टची चाळिसावी सिम्फनी जी मायनरमध्ये आहे, १७८८ ची, तिची सुरुवात ऐका, त्यात अस्वस्थपणा आहे, धावपळ आहे, रडगाणं कुठे आहे? लय, शब्द, गायकी, वाद्य या सगळ्यांनी मिळून मूड बनतो. कोमल ग ने रंग जरा गडद होतो हे मान्य, त्यापुढे मी जाणार नाही. लहान मुलांना सुरुवातीला ओळख पटावी म्हणून सांगतात ते समजू शकतो, पण पैसे घेऊन मोठ्या माणसांना तेच?

बाकीचं पटकन. व्हिडिओ क्वालिटी चांगली, वरून कॅमेरा आहे त्यामुळे बोटं दिसतात. आवाज कधी कधी कमी, हेडफोन लावा. ॲप मोबाइलवर अडखळतं, लॅपटॉपवर बरं चालतं. हिंदीत बोलता बोलता सर मध्येच इंग्रजीत जातात तेव्हा जरा वेग वाढतो, स्पीड कमी करून बघा. क्विझ फालतू. कॉर्ड प्रोग्रेशनच्या शेवटी एक छोटा बोनस व्हिडिओ आहे, मायनरचं गाणं शेवटच्या कॉर्डला मेजर करून संपवायचं, त्याला पिकार्डी थर्ड म्हणतात, बाखच्या वेळी फार चालायचं. तो व्हिडिओ छोटा आहे पण भारी आहे, कोमल गंधाराचा शेवटच्या क्षणी शुद्ध गंधार होतो आणि खिडकी उघडल्यासारखं होतं, आम्ही एका भजनाच्या शेवटी करून बघितलं, लोकांनी माना डोलावल्या.

आता कुणी घ्यावा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या पाश्चात्य संगीताच्या परीक्षांच्या ग्रेडची तयारी करणारी मुलं असतील तर हा कोर्स नको. जाहिरातीत ग्रेड एक्झामसाठी उपयुक्त लिहिलंय पण तिथे बोटं बघतात, दोन्ही हात बघतात, आणि इथे डाव्या हाताचं फिंगरिंग दाखवलंच नाहीये. ए मायनरला उजवा हात एक दोन तीन, मग अंगठा खालून घेऊन एक दोन तीन चार पाच, डावा पाच चार तीन दोन एक, मग वरून तीन दोन एक, हे मला माझ्या भाचीच्या वहीतून कळलं, तिचे टीचर वेस्टर्नचे आहेत. मुलांसाठी धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये ग्रेडची स्केलबुकं मिळतात ती घ्या आणि समोर बसून शिकवणारं माणूस शोधा. गिटारवाल्यांनी पण दोनदा विचार करा, हा मुळात कीबोर्डचा कोर्स आहे, टॅब वरवर चिकटवलेत.

इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल तर म्युझिकथिअरी डॉट नेटवर मायनर स्केल्सचे धडे फुकट आहेत, नेमके आहेत, सरावही आहे. म्यूझस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअरही फुकट, त्यात स्वतः स्केल लिहून ऐकता येतं. या दोन गोष्टी आणि तुमची पेटी एवढ्यावर माहितीचा भाग भागतो. कोर्सचे पैसे आहेत ते हार्मोनिकच्या त्या एका धड्याचे आणि रविवारच्या सेशनला येणाऱ्या माणसांचे.

पेटीवाले, सरगम पक्की आहे, डाव्या हाताच्या कॉर्डपाशी अडलेत, आणि मराठीत कुणीतरी बोलून दाखवायला हवंय, अशांनी घ्या, पण पूर्ण फीला नको. दिवाळीला आणि जागतिक संगीत दिनाला, म्हणजे २१ जूनला, ऑफर येते तेव्हा घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, पीडीएफ सुधारली तर चार करीन. घेतलात तर मेलोडिकचा व्हिडिओ लावायच्या आधी देसचा आरोह-अवरोह एकदा वाजवून घ्या, आणि तक्त्यातली काफीची ओळ पेनाने खोडून टाका.